तंबूतला चंद्र

चपलेचा अंगठा तपासून घ्या. बैलगाडीच्या वाटेनं जायचंय, धूळ घोट्यापर्यंत आहे, आणि दिवस मावळायच्या आत पोचलात तरच पडद्यासमोरची जागा मिळेल.

तुम्ही एकलहऱ्यात उभे आहात. साल 1969, महिना चैत्र. नाशिकरोडच्या गच्च्यांवरून दिसणाऱ्या थर्मलच्या चिमण्या शोधू नका. एकच आहे, तीही अर्धीमुर्धी. भोवती परांची आणि परांचीवर मुंग्यांएवढी माणसं. पायथ्याशी लोखंडाचे सांगाडे, सिमेंटच्या गोण्या, कामगारांची पत्र्याची बिऱ्हाडं. पॉवर हाऊस येणार, कोळशाच्या गाड्या येणार, इथली वीज साऱ्या महाराष्ट्राला जाणार, असं गावात जो तो सांगतो. अजून तरी बहुतेक घरांत संध्याकाळी पेटते ती रॉकेलची चिमणी. शब्द एकच. एक चिमणी कोनाड्यात मावणारी, दुसरी बघताना डोक्यावरची टोपी मागं पडावी अशी.

गावातल्या पोरांनी त्या दुसरीचं नाव मात्र वेगळं ठेवलंय. ती तिला रॉकेट म्हणतात. पेपरवाले अग्निबाण लिहितात, पोरं रॉकेटच म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडात कुठून आला, तेच बघायला आपण निघालोय.

वाट गंगेच्या कडेनं जाते. इथं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. चैत्रात पाणी खाली गेलंय आणि उघड्या पडलेल्या शेवाळाचा वास येतोय. त्याच्यावर चढून येतो तो कांद्याचा झणका. नुकताच काढलेला उन्हाळी कांदा शेताशेतात ढिगानं पडलाय, डोळे चुरचुरतील, चोळू नका. मध्येच एखादा कडुनिंब लागतो आणि त्याच्या मोहोराचा कडवट गोड वास दोन पावलं सोबत करतो. ऊन उतरलंय, पण जमीन अजून भाजतेय. चपलेच्या तळातून कळतं.

मागून गाडी येतेय, बाजूला व्हा. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा आहेत, म्हणजे ही जत्रेची गाडी. आजीबाई, तिच्या दोन सुना, सात-आठ पोरं, घोंगडी, पाण्याची कळशी, भाकरीचं गाठोडं, आणि एवढं सगळं भरूनही वरून हाक येते, "या की, बसा." कोण, कुठले, हे नंतर विचारायचं. आधी बसायचं. तुम्ही साटीवर एक मांडी टेकवता, दुसरी हवेत. चाक खड्ड्यात गेलं की सगळी गाडी एकदम उडते, एकदम खाली येते आणि एकदम हसते.

शेजारच्या पोराच्या मुठीत गुलाबी कागद आहे, घामानं मऊ झालेला. दुपारी टांग्यातून भोंगा घेऊन आलेल्या माणसानं हँडबिलं उधळली, त्यातलं हे एक. पोरानं ते धुळीतून उचललं तेव्हापासून मूठ उघडलेली नाही. बोटांना शाई लागलीये. आता तो तुमच्यासाठी म्हणून ती उघडतो. कागदावर पिळदार दंडाचा माणूस आहे, मागं गोल चंद्र आणि मध्ये माशासारखं टोकदार रॉकेट. ‘चांद पर चढाई’. दारासिंग. आज रात्री दोन खेळ.

"आजे, आज चंद्रावर जायचं हाये," पोरगा ओरडून सांगतो.

"जेवून जा," आजी म्हणते.

जत्रेचा आवाज जत्रेच्या आधी येतो. मारुतीच्या देवळातली घंटा, पिपाण्या, पाळण्याच्या लाकडाची करकर आणि सगळ्यांच्या खाली एकसारखी टकटक. ती तंबूवाल्याच्या ऑइल इंजिनाची. गाडीतून उतरा, अंग मोकळं करा आणि गर्दीत शिरा. शिरण्यासाठी काही करावं लागत नाही, मागचे लोक तुम्हाला शिरवतात. एका बाजूला रुईच्या पानांच्या माळा आणि शेंदूर, दुसऱ्या बाजूला कढईतून निघणारी गोडीशेव. गुळाचा पाक इतका जवळ उकळतोय की वाफ गालाला लागते. गॅसबत्त्या आत्ताच पेटल्यात, त्यांच्या फुसफुशीभोवती किडे जमायला लागलेत.

दुपारी इथं कुस्त्यांचा फड होता. कानात, भुवयांत अजून लाल माती असलेली तालमीची पोरं घोळक्यानं उभी आहेत. एकाच्या हातात जिंकलेला नारळ आहे आणि तो त्यानं फोडलेला नाही. त्यांना चंद्राशी काही देणंघेणं नाही. ती दारासिंगला बघायला आलीत. आखाड्यातला खराखुरा पैलवान पडद्यावर चंद्रावर चढणार, तर तिथं तो पहिला डाव कुठला टाकेल, यावर त्यांची पैज लागलीये.

तंबूकडे वळताना खाली बघून चाला. दोर ताणलेले आहेत आणि अंधारात खुंट्या दिसत नाहीत. दरवर्षी एक तरी माणूस इथं तोंडावर आपटतो. तंबू एकेकाळी पांढरा असावा. आता त्याला रंग उरलेला नाही, ठिगळं उरलीत. तिकिटाच्या खिडकीशी रांग नाही, ढीग आहे. हात आत घालायचा, चार आणे सोडायचे, तिकीट पकडायचं आणि हात आपला आपण ओढून बाहेर काढायचा. खिशात बघा, चार आणे आहेत. नव्या हिशेबानं 25 पैसे म्हणायला हवेत, पण इथं तसं कुणी म्हणत नाही.

आत आलात. आता थोडं थांबा, नाकाला सवय होऊ द्या. जमिनीवर पाणी शिंपडलंय, त्याचा ओला वास. बिड्यांचा धूर. डिझेल. पैलवानांच्या अंगचं तेल. कुणाच्या तरी पदरातल्या भेळभत्त्यातला कच्चा कांदा. मधोमध दोर बांधलाय, पलीकडे बायका, अलीकडे पुरुष, आणि दोराखालून ये-जा करणारी पोरं कुठल्याच बाजूची नाहीत. आजीबाईनं दोराला लागून घोंगडी टाकलीये. तुम्ही तिच्या अलीकडे पोतं अंथरा. गुडघे छातीशी घ्या, कारण पुढच्याची पाठ तुमच्या नडगीला टेकणार आहे आणि मागच्याचे गुडघे तुमच्या बरगडीत. उकाडा वरून येत नाही, माणसांतून येतो. दहा मिनिटांत तुमचा सदरा शेजाऱ्याच्या घामानंही भिजेल.

बाहेर कर्ण्यावर देवाची रेकॉर्ड चाललीये. ती संपली की खेळ सुरू, हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून शेवटच्या कडव्याला आतली कुजबुज आपोआप विरते. अंधार होतो. मागून खर्रर्र आवाज येतो आणि डोक्यांवरून प्रकाशाचा पट्टा सरकतो. आधी त्या पट्ट्याकडे बघा. बिड्यांचा धूर त्यात वळवळतोय, धुळीचे कण चमकतायत. पडद्यावर काही उमटायच्या आतच अर्धं आकाश तयार झालेलं आहे.

मग चित्र येतं. प्रिंट मुंबईत, नाशकात, तालुक्याच्या गावांत झिजून इथं पोचलीये, त्यामुळे पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस सतत पडतोय. कुणालाही तो दिसत नाही. सगळे त्याच्या पलीकडे बघतायत.

‘चांद पर चढाई’ 1967 साली आला. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम्. दारासिंग त्यात आनंद नावाचा अंतराळवीर आहे. तो चंद्रावर उतरतो आणि तिथल्या माणसांशी, दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या योद्ध्यांशी, राक्षसांशी झुंजतो. पद्मा खन्ना आहे, हेलन आहे, अन्वर हुसेन आहे. चंद्रावर हवा नाही हे शाळेत शिकवतात, पण या चंद्रावर गाणी होतात आणि गाण्याला हवा लागते, तेव्हा ती असणारच. रॉकेट उडतं तेव्हा डुगडुगतं. पुठ्ठा कुठं संपतो आणि पत्रा कुठं सुरू होतो ते पहिल्या रांगेतल्या पोराला दिसतं. तरीही रॉकेटनं जमीन सोडली तेव्हा तुमच्या आजूबाजूची शंभर-दीडशे माणसं एकदम श्वास घेतात. तो आवाज ऐका. तुम्ही तुमच्या काळात कितीही मोठ्या पडद्यावर कितीही खरी अंतराळयानं पाहिली असतील, हा आवाज तुम्ही ऐकलेला नाही.

आणि मग आनंदच्या शेजारी एक बुटकेला, गोल चेहऱ्याचा गडी दिसतो. तंबू उसळतो.

"भगवान! आपला भगवानदादा!"

त्याचं चित्रपटातलं नाव भागू आहे, पण ते ऐकायला कुणी तयार नाही. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. ‘अलबेला’ 1951 साली गाजला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस कामकरी वस्तीसाठी स्वस्तातले मारामारीचे स्टंटपट काढत होता. तो नुसता चालला तरी पोरं खांदे हलवायला लागतात. मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. चंद्रावर गेलेल्या दोघांपैकी एक पंजाबचा पैलवान आणि दुसरा चाळीतला मराठी माणूस. परग्रहावर जाणारी माणसं सोनेरी केसांची असावी लागतात, हे या तंबूला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि फार बरं झालं.

दोराच्या पलीकडे आजीबाई मान हलवते. तिला आश्चर्य वाटलेलं नाही. "आपला मारुती गेला व्हताच की," ती सुनेला सांगते. अंजनेरीचा डोंगर याच जिल्ह्यातला. तिथं जन्मलेलं पोर उगवता सूर्य फळ समजून त्याच्याकडे झेपावलं, हे ज्या घरात पाळण्यापासून ऐकलं जातं, तिथं चंद्र म्हणजे त्या मानानं शेजारचंच गाव. माणूस पडद्यावर उडताना बघायची सवयही नाशिकची जुनी. दादासाहेब फाळके नाशकात स्टुडिओ थाटून बसले होते, आणि 1917 सालच्या त्यांच्या ‘लंका दहन’मध्ये मारुती आकाशातून उडाला होता. आज समोर चाललेला खेळ त्याच घराण्यातला आहे. पुढच्या पिढीतले बाबूभाई मिस्त्री वस्तूंना काळा दोरा बांधून अशी करामत करत की सिनेमावाले त्यांनाच ‘काला धागा’ म्हणायला लागले. पांढऱ्या पडद्यावर काळा दोरा दिसू नये एवढंच तंत्र, बाकीचं बघणाऱ्यानं पूर्ण करायचं.

आनंद आता कड्याच्या टोकाला आहे. राक्षसानं त्याला उचललंय. हात सुटतायत. तालमीची पोरं उभी राहिलीत, "ढाक लाव! ढाक!"

आणि पडदा पांढरा होतो.

घाबरू नका, काही मोडलेलं नाही. रीळ संपलं. या तंबूत मशीन एकच आहे. ऑपरेटर संपलेलं रीळ उतरवणार, डब्यातून दुसरं काढणार, दातेरी चाकांवरून फिल्म ओवणार, मग पुढचं. तोवर गॅसबत्ती पेटते, शेंगावाला आत घुसतो, बाळं रडायला लागतात. दारासिंग तसाच लोंबकळतोय.

इथं मी तुम्हाला थोडं थांबवतो, कारण या खोळंब्यावर माझा फार जीव आहे.

अमेरिकेत 1930 आणि 40च्या दशकांत सिनेमाच्या सिरियल निघत. ‘फ्लॅश गॉर्डन’ 1936 साली आली, 13 भागांत. ‘बक रॉजर्स’ 1939 साली, 12 भागांत. पोरांनी दर शनिवारी थिएटरात जायचं, एक भाग बघायचा. नायक ज्वालामुखीत पडतोय, भिंती दोन्हीकडून जवळ येतायत, विमान कोसळतंय, आणि तिथंच भाग संपायचा. उरलेलं पुढच्या शनिवारी. आपल्याकडे जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांनी त्या सिरियलींची नशा ओळखली. 1933 साली वाडिया मूव्हीटोन काढली, 1935 साली ‘हंटरवाली’तून नायिका नादियाला चाबूक देऊन उभं केलं. तिथून हा धागा दारासिंगपर्यंत येतो. पण भागाभागांत तोडून आठवडाभर थांबवणं मात्र आपल्याकडे रुळलं नाही. तीन तासांचा पूर्ण खेळ हवा, पैसे वसूल हवेत.

तंबूत ते आपोआप झालं. जोडून मोठं केलेलं रीळ 2000 फुटांचं. मिनिटाला 90 फूट या वेगानं ते 22 मिनिटांत संपतं. अमेरिकेतल्या त्या सिरियलचा एक भागही साधारण 20 मिनिटांचा. दुसरं मशीन घ्यायला तंबूवाल्याकडे पैसे नव्हते म्हणून आमच्या जत्रांतल्या प्रत्येक सिनेमाची सिरियल झाली. दर 22 मिनिटांनी "आता काय?" हा प्रश्न तंबूत पडायचा, आणि पुढच्या रिळापर्यंत त्याचं उत्तर शेजाऱ्याकडे मागायचं.

मागून बघा. तुमच्या डावीकडच्या म्हाताऱ्याला बोलायचंय. पटका, पांढऱ्या मिशा, बिडी कानावर. मघापासून तो पडद्याकडे कमी आणि विचारात जास्त होता.

"असं म्या एकदा पाह्यलं हुतं," तो म्हणतो. "देवळालीला. लढाईच्या टायमाला. कॅम्पात भांडी घासायला व्हतो. सोल्जर लोकांसाठी पडदा लावायचे, आम्ही पडद्याच्या मागल्या अंगानं पाह्यचो. समदं उलटं दिसायचं, पण दिसायचं."

"काय होतं त्यात, बाबा?"

"आभाळात शहर. खाली काही न्हाई, नुसतं तरंगतंय. तिथली माणसं पंखवाली, गरुडावानी. आणि एक गोरा गडी, त्याला त्यांनी भट्टीवर जुंपलेला. फावड्यानं टाकतोय, टाकतोय. कोळसा असंल. ती भट्टी थांबली तर शहर खाली पडंल, म्हून सारखं टाकायचं." तो बिडी कानावरून काढतो, पेटवत नाही. "मग लखकन उजेड पडला. गोरा आडवा. आन् संपलं. दुसऱ्या आठवड्याला पुढलं दावणार व्हते. तवर माझं काम गेलं."

तुम्ही ओळखलंत ना? तोच ‘फ्लॅश गॉर्डन’. पंखवाल्या माणसांचा राजा व्हल्टन, त्याचं तरंगतं शहर आणि रेडियमची भट्टी. म्हाताऱ्याला तो कोळसा वाटला, आणि एकलहऱ्याच्या माणसाला दुसरं काय वाटणार? त्याचा नातू साईटवर मजुरीला आहे. घरी येऊन तो रोज सांगतो, अशी भट्टी होणार की रात्रंदिवस कोळसा टाकत राहायचा, थांबायचंच नाही.

पंचवीस वर्षं हा माणूस त्या गोऱ्याचं काय झालं हे मनात घेऊन हिंडतोय. विचारणार कुणाला? आणि आज त्याच्या शेजारी पोतं टाकून तुम्ही बसलात, भविष्यातून आलेले. सांगा त्याला. एवढ्यासाठी आलो असं समजा.

"वाचला, बाबा. त्यानं ती भट्टीच उडवली. शहर खाली यायला लागलं. पण त्यांच्यातला एक दाढीवाला शास्त्रज्ञ होता, त्यानं नवा किरण शोधला आणि शहर पुन्हा तोलून धरलं. मग राजानं सगळ्यांना सोडलं."

म्हातारा बराच वेळ गप्प. मग काडी ओढतो. उजेडात त्याचा चेहरा दिसतो.

"शहर बी वाचलं म्हंता?"

"शहरसुद्धा."

"हां," तो म्हणतो आणि बिडी पेटवतो. "ते बरं झालं. लेकराबाळांचं शहर व्हतं."

गॅसबत्ती विझली. दुसरं रीळ सुरू. दारासिंग सुटला, कसा सुटला ते कुणालाच नीट कळलं नाही, आणि तालमीची पोरं ती ढाकच होती असं ठरवून मोकळी झाली. आता पडद्याचा उजेड एकाएकी पिवळा पडतो. "ए, कार्बन!" म्हणून मागून चार-पाच आवाज उठतात. इथल्या पोरासोरांनाही हे माहीत आहे. मशीनच्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर असतात. मध्ये जराशी फट आणि त्या फटीत विजेची ठिणगी सतत जळत ठेवलेली. कांड्या झिजतात, फट वाढते, उजेड मरतो. ऑपरेटरनं फिरकी पिळून कांड्या जवळ आणायच्या, सतत, रात्रभर. तो झोपला तर चंद्र विझला.

तुमच्या मागं साईटवरचा एक वेल्डर बसलाय, दुसऱ्या मुलखातून कामाला आलेला, मोडक्या मराठीत शेजाऱ्याला सांगतोय की यात नवल काय, हेच तर मी दिवसभर करतो. आणि खरंच. तंबूची कनात जरा वर करा, तिकडे बघा. रात्रपाळी चाललीये. चिमणीच्या पायथ्याशी निळापांढरा तारा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. लोखंड जोडणारी ठिणगी आणि चंद्र दाखवणारी ठिणगी एकाच जातीची. तिकडे फार वेळ बघू नका, डोळे दुखतील, असं वेल्डर स्वतःहून सांगतो. इकडच्या ठिणगीकडे बघायला मात्र माणसं चार आणे देऊन आलीत.

नदीवरून वारा सुटलाय. पडदा म्हणजे शेवटी कापड. वाऱ्यानं तो पोटातून फुगतो, आणि त्यावरचा चंद्र, खड्ड्याखड्ड्यांचा, गोल फुगून तुमच्या अंगावर येतो. पहिल्या रांगेतली पोरं किंचाळत मागं सरकतात. वारा पडतो, चंद्र पुन्हा सपाट. पुन्हा फुगतो. असा परिणाम साधायला एरवी लोकांना डोळ्यांवर चष्मे चढवावे लागतात. तंबूच्या ठिगळांतून मारुतीच्या पुनवेचं चांदणं आत गळतंय, माणसांच्या खांद्यांवर त्याचे ठिपके पडलेत. तो गुलाबी कागदवाला पोरगा एकदा पडद्याकडे बघतो, एकदा भोकातून वर. त्याचं चाललंय काय ते कळतंय तुम्हाला? तो अंतर मोजतोय.

खेळ सुटला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. परतीच्या गाडीत आजीबाईच्या मांडीवर तीन पोरं झोपलेली. चौथा जागा आहे. वाट वळते आणि समोर चांदण्यात ती अर्धी चिमणी येते, परांचीसकट. तो बोट करतो आणि बैलांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "रॉकेट."

मिळालं तुमचं उत्तर.

आता थोडं पुढं सरका, फार नाही. त्याच वर्षीचा आषाढ, 21 जुलैची सकाळ, साडेआठचा सुमार. तंबू पावसाळ्यासाठी केव्हाच गुंडाळलाय. रेडिओभोवती घोळका आहे, वर पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की अर्धं ऐकूच येत नाही. आर्मस्ट्राँग नावाच्या माणसानं चंद्रावर पाय ठेवलाय. टेलिव्हिजन तेव्हा दिल्लीपुरता, मुंबईत यायला अजून तीन वर्षं आहेत, म्हणून इथं कुणाला काही दिसत नाही. तरी डोळे मिटून सगळे बघतायत, कारण त्यांनी ते बघितलेलं आहे. कसं उतरतात, खड्डे कसे असतात, सगळं माहीत आहे. पटकेवाला म्हातारा एवढंच विचारतो, संगती कोण हाये त्याच्या? दोघं आहेत म्हटल्यावर त्याचं समाधान होतं. दोघंच असायला पाहिजेत.

पुढच्या वर्षी, 1970 साली, एकलहऱ्याचा पहिला संच सुरू झाला, 1971 साली दुसरा. 140 मेगावॉटचे ते दोन्ही संच आपलं आयुष्य पुरं करून आता बंद झालेत. नंतरचे, 210 मेगावॉटचे तीन, तिथं उभे आहेत.

परत आलात. अंगावरची धूळ झटका, पण एक काम लगेच करा. भगवानदादांचे सुरुवातीचे बहुतेक स्टंटपट आज बघायला मिळत नाहीत. या खेळांना कुणी मोठं मानलं नाही, म्हणून कुणी जपलं नाही. ज्यांनी पुढं शास्त्र शिकून आकाशाकडे पाहिलं, त्यांच्यातल्या कितीकांनी आधी असा डुगडुगणारा पुठ्ठा पाहिला असेल, हे आम्ही विचारलंच नाही. पुण्यात 1964 सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी तिथं आयुष्य घातलं. फाळक्यांच्या घरच्यांकडे उरलेली ‘कालिया मर्दन’ची रिळं त्यांनीच मिळवली, म्हणून 1919 सालचा तो बाळकृष्ण आज आपल्याला दिसतो. घरात होती म्हणून मिळाली.

तुमच्याही घरात काही असेल. नाशिक, निफाड, सिन्नर, येवला, कुठंही. आजोबांचा तंबू असेल, काकांचं ऑपरेटरचं लायसन असेल, माळ्यावर गंजका गोल डबा असेल, पोथीत खूण म्हणून ठेवलेलं गुलाबी हँडबिल असेल. भंगारवाल्याला देऊ नका. डबा घरी उघडू नका, जुनी फिल्म पटकन पेटते. पुण्याला संग्रहालयात कळवा. आणि घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तंबूत कुठला खेळ अर्धा राहिला होता.